चॅम्पलेन खोरे: जोडलेल्या पाण्याचा वारसा सांभाळायचा कोणी आणि कसा?

उत्तरवाहिनी (धागाकर्ता)

न्यूयॉर्क आणि व्हर्मॉन्ट या राज्यांच्या सीमेवर दक्षिणोत्तर पसरलेले चॅम्पलेन सरोवर, त्याच्याहून सुमारे ७० मीटर उंचावर असलेले आणि टिकॉन्डेरोगापाशी धबधब्यांवाटे त्यात उतरणारे जॉर्ज सरोवर, दक्षिणेस हडसन नदीला जाऊन भिडणारा चॅम्पलेन कालवा आणि उत्तरेस क्युबेकमधून सेंट लॉरेन्सपर्यंत पाणी पोहोचवणारी रिशेल्यू नदी, अशी ही पाण्याची एक सलग वाट आहे. १६०९ मध्ये फ्रेंच शोधप्रवासी साम्युएल द शांप्लँ येथे पोहोचला तेव्हा स्थानिक लोक हजारो वर्षे तिचा वापर करत होते. पुढे फ्रेंच, इंग्रज आणि अमेरिकी सैन्ये याच वाटेने वर-खाली जात राहिली, कारण दाट जंगलातून तोफा आणि रसद हलवण्याची दुसरी सोय नव्हती. टिकॉन्डेरोगा व क्राउन पॉइंट येथील किल्ले, ऑक्टोबर १७७६ मधील व्हॅलकूर बेटाची लढाई, १८१४ ची प्लॅट्सबर्गची लढाई आणि त्यानंतरच्या शतकातला लाकूड, लोकर व लोहखनिजाचा व्यापार, या सगळ्यांच्या खुणा या पाण्याच्या काठावर किंवा तळाशी आहेत.

२००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून या टापूला राष्ट्रीय वारसा क्षेत्राचा दर्जा दिला आणि ‘चॅम्पलेन व्हॅली नॅशनल हेरिटेज पार्टनरशिप’ अस्तित्वात आली. दोन राज्यांतील ११ काउंट्या, म्हणजे जिल्हे, तिच्यात येतात. वारसा क्षेत्र आणि राष्ट्रीय उद्यान यांतला फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढची चर्चा नीट होणार नाही. राष्ट्रीय उद्यानाची जमीन प्रामुख्याने संघराज्याची असते, तेथे रक्षक असतात आणि नियम मोडणाऱ्यास दंड होतो. वारसा क्षेत्रात मात्र जमीन ज्याची त्याचीच राहते. व्यवस्थापक संस्थेला कोणाच्या मालमत्तेवर बंधन घालता येत नाही, आणि संघराज्याकडून मिळालेल्या पैशातून जमीन विकत घेण्यासही कायद्याने मनाई आहे. तिच्या हाती उरतात त्या तीन गोष्टी: आराखडा, छोटी अनुदाने आणि माणसांना एकत्र बसवण्याची ताकद. १९८४ मध्ये इलिनॉय-मिशिगन कालव्याला हा दर्जा प्रथम मिळाला, तेव्हापासून हेच सूत्र चालत आले आहे.

चॅम्पलेन खोऱ्यात एक गोष्ट निराळी घडली आणि माझ्या मते ती या कायद्यातील सर्वांत शहाणपणाची तरतूद आहे. वारशाच्या व्यवस्थापनासाठी नवे मंडळ उभे न करता ते काम ‘लेक चॅम्पलेन बेसिन प्रोग्रॅम’कडे सोपवले गेले. ही संस्था १९९० च्या कायद्याने मुळात सरोवराचे पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी निर्माण झाली होती आणि न्यूयॉर्क, व्हर्मॉन्ट व क्युबेक यांचे प्रतिनिधी तिच्या सुकाणू समितीवर बसतात. म्हणजे उपसागरातील फॉस्फरस मोजणारी आणि लढाईच्या जागी माहितीफलक उभारण्यासाठी अनुदान देणारी संस्था एकच आहे. २०११ मध्ये मान्य झालेल्या व्यवस्थापन आराखड्यात राष्ट्रांची जडणघडण, व्यापाराचा मार्ग, आणि निसर्गसंवर्धन व समाज असे तीन विषय ठरवले गेले. कागदावर ते तीन असले, तरी पाण्यात ते एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि व्यवस्थापनाची खरी कसोटी ते एकमेकांच्या आड येतात तेव्हाच लागते.

असा प्रसंग आज समोर उभा आहे, आणि हा धागा मी त्यासाठीच काढला आहे. १८२३ मध्ये पूर्ण झालेला चॅम्पलेन कालवा हा ‘व्यापाराचा मार्ग’ या विषयाचा कणा आहे. त्याच कालव्याने हडसन आणि सेंट लॉरेन्स ही दोन वेगळी खोरी कृत्रिमरीत्या जोडली. कालव्याचा सर्वांत उंच टप्पा आठव्या आणि नवव्या जलपाशाच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या लॉकच्या, दरम्यान आहे. ग्लेन्स फॉल्सच्या पोषक कालव्याचे पाणी तेथे येते आणि दोन्ही बाजूंना उतरते. या वाटेने बोटींबरोबर परके जीवही येतात. सरोवरात आजवर सुमारे ५० परकी जलचर आणि जलवनस्पती नोंदल्या गेल्या असून, ज्यांचा मार्ग कळला आहे त्यांपैकी मोठा भाग कालव्यांतून आलेला आहे. झेब्रा शिंपला १९९३ मध्ये सापडला. काटेरी जलपिसू २०१२ मध्ये जॉर्ज सरोवरात आणि २०१४ मध्ये चॅम्पलेनमध्ये आढळली. २०२१ पासून राउंड गोबी हा मासा हडसन नदीत आहे, म्हणजे कालव्याच्या दक्षिण दाराशी येऊन ठेपला आहे. तो इतर माशांची अंडी खातो, तळाचा ताबा घेतो, आणि एकदा शिरला की त्याला बाहेर काढण्याचा उपाय नाही.

अमेरिकी लष्कराचा अभियंता विभाग आणि राज्याच्या संस्था यांनी केलेल्या अभ्यासांतून एक पर्याय पुढे आला आहे. उंच टप्प्यावर पाणी कायमचे तोडणारा बांध घालावा आणि बोटी यंत्राने उचलून, धुऊन, पलीकडे सोडाव्यात. माझे म्हणणे असे आहे की वारसा क्षेत्राच्या व्यवस्थापनाने या बांधाला पाठिंबा द्यावा, आणि तोही पर्यावरणवाद्यांचा वेगळा विषय म्हणून नव्हे, तर वारसा जपण्याचे स्वतःचे काम म्हणून उघडपणे द्यावा. ही संस्था नियम करू शकत नाही हे खरे आहे. परंतु ती काय बोलते याला या खोऱ्यात वजन आहे. तुमची मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधातली.

डोलकाठी

विरोधातले मत मांडतो.

कालवा म्हणजे खणलेला चर आणि दगडी भिंती एवढेच नसते. बोट न्यूयॉर्कच्या बंदरातून निघते आणि माल न उतरवता व्हर्मॉन्टमधील बर्लिंग्टनला पोहोचते, हे कालव्याचे मर्म आहे. त्या सलगतेतूनच या सरोवरावर एक खास जातीची बोट घडली. सरोवराच्या मोकळ्या पाण्यात ती शिडावर चालायची आणि कालव्याच्या तोंडाशी असलेल्या व्हाइटहॉलला पोहोचल्यावर डोलकाठ्या उतरवून, खेचरांच्या मागे कालव्यातून जायची. या जातीच्या बोटीची पूर्ण आकाराची प्रतिकृती लेक चॅम्पलेन मॅरिटाइम म्युझियमने बांधून २००४ मध्ये पाण्यात उतरवली आणि ती पुढे अनेक वर्षे कालव्यांतून गावोगाव फिरली. तिची लांबी सुमारे २७ मीटर होती. बोटी उचलणारे यंत्र हौशी मंडळींच्या लहान बोटींच्या मापाने बांधले गेले, तर अशी बोट पुन्हा कधीही या वाटेने जाणार नाही. मग राहील तो दोन बाजूंनी बंद झालेला पाण्याचा तुकडा आणि त्याच्या काठावर ‘येथून एके काळी बोटी जात’ असे सांगणारा फलक.

दुसरे असे की कालव्याकाठची गावे आधीच थकलेली आहेत. मालवाहतूक जवळजवळ संपली आहे. हडसनच्या वरच्या भागात गाळात पीसीबी हे विषारी रसायन साचल्यामुळे नौकामार्गाचा गाळ कित्येक दशके काढता आला नाही, त्यामुळे खोल बुडाच्या बोटींना अडचण होत राहिली. आता जे काही चालते ते उन्हाळ्यातील पर्यटनावर. न्यूयॉर्कहून मॉन्ट्रियलकडे जाणारा नाविक मार्गातील प्रत्येक अडथळा मोजतो, आणि बोट उचलण्याची रांग लागली तर तो दुसरीकडे वळेल. वारसा क्षेत्राचे काम लोकांना या पाण्यावर आणण्याचे आहे. त्याच संस्थेने वाट अडवण्याची बाजू घेणे मला पटत नाही. लॉक दोनदा रिकामे करून भरणे, विशिष्ट वेळीच उघडणे, बोटींची तपासणी सक्तीची करणे, अशा उपायांना आधी पुरेसा वेळ द्यावा.

तळशोध

डोलकाठी, तुम्ही ज्या बोटींबद्दल इतक्या आत्मीयतेने लिहिले आहे त्यांतल्या खऱ्याखुऱ्या बोटी आज कोठे आहेत, याचा विचार या चर्चेत व्हायला हवा. त्या सरोवराच्या तळाशी आहेत.

चॅम्पलेनमध्ये ३०० हून अधिक बुडालेल्या नौकांची नोंद आहे. पाणी थंड आणि गोडे असल्यामुळे लाकूड शतकानुशतके टिकते. समुद्रात लाकूड पोखरणारे जे जीव असतात ते येथे नाहीत. ९ डिसेंबर १८७६ रोजी बर्लिंग्टनच्या लाटरोधक भिंतीपाशी बुडालेली ‘जनरल बटलर’ ही नेमकी तुम्ही वर्णन केलेल्या जातीची आहे. १८१९ मध्ये जळालेल्या ‘फीनिक्स’ या वाफेच्या बोटीचा सांगाडा आहे. बर्लिंग्टनच्या उपसागरात घोड्यांच्या बळावर चालणारी एक फेरीबोट आहे, आणि तिच्यासारखी फिरत्या चकतीची दुसरी बोट कोठे सापडल्याचे ज्ञात नाही. व्हर्मॉन्टने १९८५ मध्ये पाण्याखालील ऐतिहासिक राखीव जागा सुरू केल्या. ठरावीक नौकांपाशी बोट बांधायला तरंगते बोये ठेवले, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या बोटींचे नांगर लाकडावर पडू नयेत, आणि नोंदणी करून कोणालाही तेथे उतरता येईल अशी सोय केली. माझ्या मते वारसा व्यवस्थापनाचा हा फार चांगला नमुना आहे, कारण त्यात लोकांना दूर ठेवून जपणूक केलेली नाही. जॉर्ज सरोवरात न्यूयॉर्क राज्याने १९९३ मध्ये याच धर्तीवर व्यवस्था केली. तेथे १७५८ सालची ‘लँड टॉर्टॉइज’ ही तरंगती तोफनौका सुमारे ३३ मीटर खोलीवर आहे. हिवाळ्यात फ्रेंचांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रज सैन्यानेच ती बुडवून ठेवली होती.

१९९३ मध्ये झेब्रा शिंपला आला आणि काही वर्षांतच उथळ पाण्यातील नौकांवर त्याचा जाड थर चढला. कोरीवकाम, खिळे, जोड, हत्यारांच्या खुणा, सगळे त्याखाली गेले. इतकेच असते तर निदान लाकूड शिल्लक आहे असे म्हणता आले असते, पण या थराखाली लोखंडी खिळे लवकर गंजतात आणि फळ्यांची पकड सुटते. हा धोका ओळखूनच म्युझियमने १९९६ मध्ये सरोवराच्या तळाचे पद्धतशीर सर्वेक्षण सुरू केले, म्हणजे शिंपल्यांनी झाकण्यापूर्वी जे आहे ते निदान नोंदले जावे. त्या सर्वेक्षणात १९९७ मध्ये ‘स्पिटफायर’ सापडली. व्हॅलकूरच्या लढाईत अमेरिकी सेनानी बेनेडिक्ट आर्नल्डच्या ताफ्यात असलेली ही तोफबोट खोल तळावर सरळ उभी आहे, तिची डोलकाठी जागेवर आहे आणि नाळेवर तोफ आहे. तिची बहीण ‘फिलाडेल्फिया’ १९३५ मध्ये वर काढली गेली आणि आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

स्पिटफायर आजवर बचावली आहे ती खोलीमुळे, कारण झेब्रा शिंपला खोल आणि थंड पाण्यात फारसा वाढत नाही. क्वागा शिंपला मात्र तेथेही वाढतो. तो ईरी कालव्याच्या व्यवस्थेत आहे, आणि ईरी व चॅम्पलेन हे कालवे एकाच जाळ्याचे भाग आहेत. उद्या क्वागा चॅम्पलेनमध्ये शिरला तर स्पिटफायर वर काढण्याचा खर्चिक आणि जोखमीचा निर्णय घाईने घ्यावा लागेल, किंवा ती शिंपल्यांखाली जाताना पाहावी लागेल. ती अमेरिकी नौदलाची मालमत्ता असल्याने निर्णयही एका संस्थेच्या हातात नाही. म्हणून धागाकर्त्याशी मी सहमत आहे. लॉक दोनदा रिकामे केल्याने मासा कदाचित अडेल, पण शिंपल्याचे सूक्ष्म डिंभक, म्हणजे पिल्ले, पाण्याबरोबर वाहतात, आणि पाणी वाहते आहे तोवर त्यांना अडवणारे काही नाही.

काठावरचा वाचक

माहितीपूर्ण चर्चा चालली आहे. एक साधा प्रश्न विचारतो: या संस्थेकडे पैसा किती असतो आणि तो किती काळ खात्रीने मिळतो? इतकी जबाबदारी तिच्यावर टाकताना हे कळायला हवे.

उत्तरवाहिनी (धागाकर्ता)

योग्य प्रश्न आहे. २००६ च्या कायद्याने वारसा भागीदारीसाठी एकूण १ कोटी डॉलर आणि कोणत्याही एका वर्षात १० लाख डॉलर अशी कमाल मर्यादा घातली, कालावधी १५ वर्षांचा ठेवला, आणि संघराज्याचा वाटा निम्म्याहून अधिक नसावा अशी अट घातली. उरलेला निम्मा वाटा राज्ये, गावे, संग्रहालये आणि स्वयंसेवकांचे श्रम यांतून उभा राहतो. ही मर्यादा आहे, हमी नव्हे. प्रत्यक्ष रक्कम राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून येते, आणि वारसा क्षेत्रांचा निधी कापण्याचे किंवा पूर्ण बंद करण्याचे प्रस्ताव वेगवेगळ्या सरकारांच्या काळात आलेले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय वारसा क्षेत्रांची व्यवस्था एका कायद्याखाली आणली गेली आणि जुन्या क्षेत्रांना आणखी १५ वर्षांची मुदत मिळाली, त्यामुळे निदान अस्तित्वाचा प्रश्न तूर्त मिटला आहे.

पाण्याच्या कामासाठी याच संस्थेकडे वेगळा आणि बराच मोठा निधी येतो. दोन्ही कामे एका छताखाली असण्याचा व्यावहारिक लाभ हाच आहे. तज्ज्ञ, कार्यालय आणि हिशेबाची यंत्रणा सामाईक आहे, त्यामुळे वारशाचा छोटा पैसा थेट गावातील छोट्या संस्थेपर्यंत पोहोचतो. माझी तक्रार पैशाच्या आकाराबद्दल कमी आणि त्याच्या अल्पमुदतीबद्दल जास्त आहे. जुन्या कागदपत्रांची वर्गवारी, लाकडाचे जतन, सागरी पुरातत्त्वाची नोंद ही कामे एका वर्षात पूर्ण होणारी नसतात, आणि पुढच्या वर्षीची शाश्वती नसेल तर प्रशिक्षित माणसे टिकत नाहीत.

बांधावरून

परक्या जीवांची चर्चा आवश्यक आहे, परंतु सरोवराचे पाणी दर उन्हाळ्यात बिघडवणारे कारण कालव्यातून येत नाही, ते शेतांतून आणि गावांतून येते. सरोवराच्या उत्तर भागातील मिसिस्क्वॉइ उपसागर अतिशय उथळ आहे, त्याला पाणी देणारे खोरे दुग्धव्यवसायाचे आहे, आणि शेणखत व खतांतून वाहून येणारा फॉस्फरस तेथे साचतो. उष्ण दिवसांत नील-हरित शैवालाचा दाट थर येतो, त्यात विषारी द्रव्ये असू शकतात, आणि पोहण्याच्या जागा बंद कराव्या लागतात. २००२ मध्ये व्हर्मॉन्ट आणि क्युबेक यांनी या उपसागरातील फॉस्फरसची जबाबदारी ६०:४० अशी वाटून घेतली. २०१५ मध्ये व्हर्मॉन्टने स्वच्छ पाण्याचा कायदा केला आणि २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने व्हर्मॉन्टच्या बाजूच्या प्रत्येक भागासाठी फॉस्फरसची कमाल मर्यादा ठरवून दिली. तरीही सुधारणा संथ आहे, कारण पूर्वी साचलेला फॉस्फरस तळाच्या गाळात आहे आणि प्राणवायू कमी झाला की तो गाळातून पुन्हा पाण्यात सुटतो.

याचा वारशाशी संबंध काय, असे कोणी विचारेल. हे शेतशिवारसुद्धा वारशातच मोडते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कालव्यामुळे बाजारपेठ जवळ आली, मेरिनो मेंढ्यांसाठी डोंगरउतार मोकळे झाले, जंगले तोडली गेली आणि शतकाच्या उत्तरार्धात बर्लिंग्टन हे लाकडाचे मोठे बंदर झाले. मेंढ्यांचा भाव पडल्यावर दुग्धव्यवसाय आला. आज पर्यटक ज्या हिरव्या कुरणांची आणि लाल कोठारांची छायाचित्रे काढतात ती या इतिहासाचीच देणगी आहेत, आणि नद्यांत उतरलेली मातीही त्याच इतिहासाची आहे. मला खटकते ते असे की अभिमानाचा भाग माहितीफलकावर येतो आणि मातीचा भाग वैज्ञानिक अहवालात राहतो. ज्या संस्थेकडे दोन्ही विषय आहेत तिने ते एकाच फलकावर मांडले पाहिजेत. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून काहीच साधणार नाही. त्याच्या पणजोबांच्या काळापासून हे खोरे कसे बदलत गेले ते नीट सांगितले, तर ओढ्याकाठी झाडांचा पट्टा सोडायला तो अधिक सहज तयार होईल. दंड करण्याचा अधिकार नसलेल्या वारसा संस्थेला हे बोलणे सरकारी निरीक्षकापेक्षा सोपे जाते.

पहिली_वाट

वरच्या सर्व प्रतिसादांत इतिहास १६०९ च्या आसपास सुरू होतो. धागाकर्त्यांनी ‘हजारो वर्षे’ असा एक उल्लेख केला आहे, पण व्यवस्थापनाच्या चर्चेत तो पुढे आलेला नाही, म्हणून लिहितो.

सरोवराच्या पूर्वेकडे अबेनाकी आणि पश्चिमेकडे मोहॉक या मूळनिवासी लोकांचा प्रदेश होता आणि त्यांचे वंशज आजही या परिसरात आहेत. त्यांच्या दृष्टीने हा चालू असलेला संबंध आहे. मासेमारीच्या जागा, नदीमुखे आणि दफनभूमी यांचा प्रश्न फलक लावण्यापेक्षा वेगळा आहे, कारण कित्येकदा जागा जाहीर न करणे हाच जपण्याचा मार्ग असतो. जाहीर केलेली जागा लुटली जाते. काठ खचला की जुनी स्थळे उघडी पडतात आणि त्यांतली बहुतेक खासगी जमिनीवर असतात, जेथे या संस्थेला अधिकार नाही. तेव्हा जमीनमालकाशी आधीपासून ओळख ठेवणे एवढाच उपाय राहतो.

यात एक अवघड बाब आहे आणि ती टाळू नये. व्हर्मॉन्टने २०११ आणि २०१२ मध्ये चार अबेनाकी गटांना राज्यस्तरीय मान्यता दिली. क्युबेकमधील ओडानाक येथील अबेनाकी समुदायाला ही मान्यता मान्य नाही आणि त्यांनी तसे जाहीरपणे म्हटले आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना काम करणाऱ्या संस्थेने कोणाशी सल्लामसलत करायची, हा प्रश्न त्यामुळे नाजूक झाला आहे. माझ्या मते संस्थेने या वादात निवाडा करू नये, मात्र कोणत्या प्रकल्पात कोणाला विचारले आणि कोणाला विचारले नाही हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावे. कालव्यावर बांध घालताना खोदकाम होईल तेव्हा हाच प्रश्न पहिल्या दिवशी येईल.

रिशेल्यूकाठ

चर्चा दक्षिण टोकाला एकवटली आहे, म्हणून उत्तरेकडची बाजू मांडतो. सरोवराचे सगळे पाणी अखेर रिशेल्यूतून जाते. २०११ च्या वसंतात वितळलेले बर्फ आणि पाऊस एकत्र आले आणि सरोवर समुद्रसपाटीपासून १०३ फुटांच्या वर गेले, जेव्हा पूरपातळी १०० फुटांची आहे. पाणी दोन महिन्यांहून अधिक काळ पूरपातळीच्या वर राहिले. क्युबेकमध्ये हजारो घरांचे नुकसान झाले. सरोवरातल्या जुन्या रटलंड रेल्वेचा संगमरवरी दगडांचा बांध, ज्यावरून आता सायकलस्वार जातात, लाटांनी जागोजागी फोडला आणि नंतर तो दुरुस्त करावा लागला.

त्यानंतर १९०९ च्या सीमाजल कराराखाली काम करणाऱ्या, अमेरिका व कॅनडा यांच्या आंतरराष्ट्रीय संयुक्त आयोगाने सविस्तर अभ्यास केला, जो २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्यात सुचवलेल्या उपायांपैकी एक असा की सेंट-जाँ-स्युर-रिशेल्यू येथील खडकाळ उथळ भागात पाण्याखाली बुडालेला बांध घालावा आणि पुराच्या वेळी थोडे पाणी रिशेल्यूच्या काठच्या शांब्ली कालव्यातून वळवावे. १८४३ मध्ये सुरू झालेला हा कालवा कॅनडाचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि त्याचे लॉक आजही चालवले जातात. म्हणजे उत्तरेत ऐतिहासिक कालव्याला पाणी वाहून नेण्याचे नवे काम देण्याचा विचार आहे आणि दक्षिणेत ऐतिहासिक कालव्यातील पाणी तोडण्याचा. दोन्ही ठिकाणी कालव्याचा मूळ उपयोग बदलतो आहे, आणि मला त्यात आक्षेपार्ह काही वाटत नाही, कारण चॅम्पलेन कालवासुद्धा विसाव्या शतकाच्या आरंभी यांत्रिक बोटींसाठी जवळजवळ नव्याने बांधला गेला होता. १८२३ चा मूळ चर कित्येक ठिकाणी आता बाजूला कोरडा पडलेला आहे. सीमेच्या अलीकडे क्युबेकमध्ये या वारसा भागीदारीला कायदेशीर अस्तित्व नाही, परंतु क्युबेकचे प्रतिनिधी समितीवर असल्यामुळे संयुक्त प्रदर्शने आणि प्रकल्प होतात. हा धागा तुटू देऊ नये.

डोलकाठी

सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. तळशोध यांचा क्वागा शिंपल्याबद्दलचा मुद्दा माझ्या मताला थेट छेद देणारा आहे. मी ज्या बोटींची परंपरा चालू राहावी असे म्हणतो त्यांची अस्सल शरीरे त्याच शिंपल्याखाली जाणार असतील, तर वाट उघडी ठेवण्याचा माझा आग्रह स्वतःशीच विसंगत ठरतो. म्हणून मी विरोध मागे घेतो, परंतु काही अटी ठेवतो आणि वारसा संस्थेने त्या मांडाव्यात अशी माझी अपेक्षा आहे.

बोट उचलण्याचे यंत्र केवळ लहान खासगी बोटींच्या मापाने बांधू नये. संग्रहालयांच्या प्रतिकृती बोटी आणि कालव्यावरील जुन्या कामाच्या बोटी यांची लांबी आणि वजन आधी मोजून, त्यानुसार यंत्राची क्षमता ठरवावी. ते शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि त्या बोटी रस्त्याने हलवण्याची कायमची व्यवस्था ठेवावी. बोट उचलताना, धुताना आणि पलीकडे उतरताना लोकांना पाहता येईल अशी जागा तेथे हवी. कालव्यावर लॉक चालताना पाहायला लोक आजही थांबतात, तेव्हा हेही पाहायला थांबतील. आणि व्हाइटहॉल व फोर्ट एडवर्ड या गावांना बांधकामाच्या काळात जो फटका बसेल त्याची भरपाई अनुदानांच्या प्राधान्यक्रमात दिसली पाहिजे.

तळशोध

तुमच्या अटींना माझी पूर्ण संमती आहे. मापांबाबत एक माहिती जोडतो. चालू लॉकची रुंदी आणि खोली बार्जसाठी, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटींसाठी, ठरवलेली असल्याने आजवर त्यांतून गेलेल्या मोठ्यात मोठ्या बोटींची मापे कालवा प्रशासनाच्या नोंदींत असणारच. अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्या नोंदी मागवणे योग्य ठरेल. जॉर्ज सरोवराचे उदाहरणही उपयोगी आहे. तेथे २०१४ पासून प्रत्येक यांत्रिक बोटीची तपासणी आणि गरजेनुसार गरम पाण्याने धुलाई सक्तीची आहे. सुरुवातीला पर्यटन बुडेल अशी भीती घातली गेली होती. सरोवरावर बोटी आजही येतात, आणि धुलाईच्या केंद्रावर काम करणारी मंडळी लोकांना परक्या जीवांबद्दल समोरासमोर समजावून सांगतात. तो अनुभव नव्या केंद्राला जसाच्या तसा वापरता येईल.

उत्तरवाहिनी (धागाकर्ता)

डोलकाठी, तुमच्या अटींमुळे मूळ प्रस्ताव अधिक भक्कम झाला आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. ‘पहिली_वाट’ आणि ‘बांधावरून’ यांचे मुद्देही मी त्यांत जोडतो: खोदकामापूर्वी दोन्ही बाजूंच्या स्थानिक समुदायांशी झालेल्या सल्लामसलतीची नोंद प्रसिद्ध व्हावी, आणि केंद्रावर जे फलक लागतील त्यांवर व्यापाराबरोबरच तुटलेली जंगले, गाळ आणि परके जीव यांची हकिकतही यावी.

वेळापत्रकाबाबत एक गोष्ट अनुकूल आहे. कालवा साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतो आणि हिवाळ्यात काही भाग रिकामे करून दुरुस्ती केली जाते. बांधाचे मुख्य काम त्या महिन्यांत विभागून केले, तर नौकामार्ग पूर्ण हंगामभर बंद ठेवावा लागणार नाही. काम सुरू होण्यापूर्वीच्या हिवाळ्यात, पाणी उतरलेले असताना, आठव्या आणि नवव्या लॉकची व मधल्या टप्प्याची मोजमापे, छायाचित्रे आणि रेखाटने वारसा अनुदानातून करून घ्यावीत, कारण तळ आणि दरवाजांचे खालचे भाग तेव्हाच दिसतात. ही नोंद करायला कोणाच्या परवानगीपलीकडे नव्या अधिकाराची गरज नाही, आणि रक्कमही या संस्थेच्या आवाक्यातली आहे. बांधाच्या योजनेच्या मसुद्यावर लोकांची मते मागवली जातील तेव्हा या धाग्यातील मुद्दे एकत्र करून पाठवावेत असे मी सुचवतो. ज्यांना आपले निवेदन तयार करण्यात सहभागी व्हायचे आहे त्यांनी येथेच प्रतिसादात लिहावे.